दाब आणि दम : मोटारीच्या रंगामागची हवा

मुंबई-पुण्याकडे नव्या घरात कपाटे करून घेताना सुतार हमखास विचारतो, "सनमायका लावायचा, पॉलिश करायचं, की ड्युको?" ड्युको म्हणजे फवाऱ्याने मारलेला, काचेसारखा गुळगुळीत रंग, एवढे विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. शब्द मात्र लाकूडकामातला नाही. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीने १९२३ साली मोटारींसाठी बाजारात आणलेल्या एका रंगाचे ते व्यापारी नाव. मूळ रसायन बहुतेक ठिकाणी केव्हाच बदलले, नाव उरले. त्या नावाबरोबर आलेली एक अटही शंभर वर्षांत सुटलेली नाही : हा रंग कुंचल्याने लावून भागत नाही, तो हवेने मारावा लागतो.

मोटारीच्या रंगाचा इतिहास सहसा रसायनशास्त्रज्ञांचा आणि छटांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. फार तर हातातल्या गनचा. कोपऱ्यात धडधडणाऱ्या कंप्रेसरला त्यात एखाद्या वाक्यापलीकडे जागा मिळत नाही. माझ्या मते ही उलटी मांडणी आहे. गेल्या शतकात मोटारीचा रंग जेव्हा जेव्हा बदलला, तेव्हा तेव्हा त्याने हवेकडे काहीतरी नवे मागितले : आधी नुसती हवा, मग भरपूर हवा, मग कोरडी आणि स्वच्छ हवा. ही मागणी ज्याला पुरवता आली तो कारागीर टिकला. ज्याला नाही, त्याच्या हातातले कौशल्य असून नसल्यासारखे झाले.

पहिल्या मोटारी रंगवल्या त्या बग्ग्या रंगवणाऱ्यांनी, आणि बग्ग्यांच्याच पद्धतीने. आधी तेलातला रंग, त्यावर पुन्हा रंग, मग वॉर्निशचे हात. प्रत्येक थर वाळायला काही दिवस. वाळला की प्युमिस दगडाची पूड आणि पाणी घेऊन घोटायचा, धूळ बसू नये म्हणून खोली बंद ठेवायची, आणि पुढचा थर चढवायचा. चांगल्या गाडीला यात कित्येक आठवडे जात. कारागीर मोठ्या मानाचा असे. तो कुंचला दुसऱ्याच्या हाती देत नसे. दिवसाला दोन-चार बग्ग्या निघत तोवर या संथपणाची अडचण नव्हती. मोटारी शेकड्यांनी निघू लागल्या तेव्हा रंग वाळण्याची वाट पाहत उभ्या असलेल्या गाड्यांनीच कारखाने भरून गेले. फोर्डने आपल्यापुरता मार्ग काढला. १९१४ पासून सुमारे बारा वर्षे मॉडेल टी फक्त काळ्या रंगात निघाली. डांबरवर्गीय काळा रंग भागांवर ओतायचा, किंवा भाग त्यात बुडवायचे, आणि भट्टीत भाजायचे. काळ्याशिवाय दुसरा रंग त्या भट्टीत टिकला नसता. फोर्डच्या काळ्या गाडीची गोष्ट हट्टाची म्हणून रंगवून सांगतात. तिच्या मुळाशी वाळण्याचा हिशेब होता.

फवाऱ्याची कल्पना तोवर जुनी झाली होती. ज्यांच्या लहानपणी घरात ढेकूण-डास मारायचा फ्लिटचा पंप होता, त्यांना ती समजावून सांगण्याची गरज नाही. दट्ट्या पुढे रेटला की हवेचा झोत डब्यातून वर आलेल्या नळीच्या तोंडावरून वेगाने जातो, तिथला दाब उतरतो, औषध आपोआप वर चढते आणि त्या झोतात फुटून त्याचे तुषार होतात. रंगाची गन याहून फार वेगळे काही करत नाही. अमेरिकेत ती आली तीही औषधाच्या वाटेने. ओहायो राज्यातील टोलेडो येथील डॉक्टर ॲलन डीव्हिल्बिस यांनी १८८८ च्या सुमारास रुग्णाच्या घशात औषध फवारायचे उपकरण बनवायला सुरुवात केली, आणि त्यांचे चिरंजीव थॉमस यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेच तत्त्व रंगाच्या गनला लावले. शिकागोतील मार्शल फील्ड या प्रचंड दुकानाच्या देखभालीची जबाबदारी असलेले जोसेफ बिंक्स यांनी तळघराच्या भिंतींना सफेदी मारण्यासाठी हातपंपाचे यंत्र केले, ते याच सुमाराचे. डीव्हिल्बिस आणि बिंक्स ही नावे पुढे जगभरच्या गॅरेजांतल्या गनवर कोरलेली दिसू लागली.

या यंत्रविद्येची पहिली मोठी जाहीर परीक्षा शिकागोतच झाली. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी मिशिगन सरोवराच्या काठी अवाढव्य इमारती उभ्या राहिल्या, उद्घाटनाची तारीख जवळ आली, आणि कुंचल्यांनी त्या वेळेत रंगवून होणार नाहीत हे उघड झाले. रंगकामाचे प्रमुख होते चित्रकार फ्रान्सिस मिलेट. त्यांनी नळीच्या टोकाला तोटी बसवून, यंत्राने दाबलेल्या हवेच्या जोरावर पांढरा रंग भिंतींवर उडवला. पाहायला आलेल्यांनी त्या प्रदर्शनाला 'पांढरे शहर' म्हटले. हे मिलेट पुढे १९१२ मध्ये टायटॅनिकबरोबर बुडाले. त्यांच्या चरित्रात त्यांच्या चित्रांना जागा आहे ती योग्यच. पण आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक गाडी त्यांच्या चित्रांपेक्षा त्यांच्या त्या घाईची अधिक ऋणी आहे.

हवा दाबण्याचे यंत्र याआधीच डोंगरात तयार झाले होते. फ्रान्स आणि इटली यांच्यामधल्या माँ सेनी बोगद्यात जर्मेन सोमेयेर यांनी दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे लावली. साडेतेरा किलोमीटरहून लांब असा तो बोगदा १८७१ मध्ये खुला झाला. वाफेचे इंजिन बोगद्यात धुराने माणसे गुदमरवते. हवा मात्र काम करून झाल्यावर उलट श्वासाला उपयोगी पडते. त्याच सुमारास, १८६९ मध्ये, जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी रेल्वेला हवेचा ब्रेक दिला. मग आली हवेची धाव असलेली मोटार, आणि टायरमध्ये हवा भरण्यासाठी गावोगावच्या गॅरेजांत छोटे कंप्रेसर बसले. इथे एक गफलत रुजली. तिची फळे रंगारी अजून भोगतो आहे. टायरला हवी दाबाची हवा, तीही थोडी आणि अधूनमधून. रंगाच्या गनला दाब मध्यमच लागतो, पण हवा लागते भरपूर आणि न थांबता. टायरसाठी आणलेल्या यंत्राला गन जोडून गॅरेजवाल्याने रंगाचा धंदा सुरू केला, आणि तबकडीवरचा काटा वर आहे म्हणजे यंत्र पुरेसे आहे असे तो समजत राहिला. दाब डोळ्यांना दिसतो. हवेचा पुरवठा दिसत नाही. आपले कारागीर मात्र त्याला नेमका शब्द वापरतात : "कंप्रेसरला दम नाही."

दमाची गरज पडली ती ड्युकोमुळेच. नायट्रोसेल्युलोज म्हणजे धूरविरहित बंदुकीच्या दारूचा भाऊबंद. पहिले महायुद्ध संपले आणि ड्यू पाँकडे हा माल बनवण्याची प्रचंड क्षमता पडून राहिली. त्याची लॅकरे आधीपासून होती, पण ती इतकी घट्ट होत की पातळ करण्याच्या नादात त्यांत रंगद्रव्य नावापुरते उरे. १९२० च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतील पार्लिनच्या कारखान्यात या द्रव्याचे एक पिंप सोडियम ॲसिटेटसह काही दिवस तसेच उन्हाच्या तलखीत राहिले, आणि उघडले तेव्हा आत पातळ पाक झालेला होता. अपघाताने हाती आलेल्या या पातळ नायट्रोसेल्युलोजात भरपूर रंगद्रव्य मावू लागले. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग नेमके अशाच कशाच्या तरी शोधात होते. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात : रंग लवकर वाळणे अशक्य म्हणणाऱ्या एका तज्ज्ञाला त्यांनी जेवायला नेले, आणि परत येईपर्यंत त्याच्याच गाडीचा रंग बदलून ठेवला. गृहस्थ आपली गाडी ओळखेनात. गोष्टीला मीठमसाला लागलेला असणार, पण मुद्दा खरा आहे. १९२४ च्या मॉडेलची निळी ओकलंड ही ड्युको ल्यालेली पहिली गाडी, आणि एक-दोन वर्षांत आठवड्यांचे काम तासांवर आले. फोर्डनेही १९२६ च्या मॉडेलपासून काळ्याची सक्ती सोडली.

हा रंग कुंचल्याला वश होईना, कारण तो काही मिनिटांत वाळतो आणि नव्या थरातले थिनर खालचा थर पुन्हा विरघळवते. कुंचला दुसऱ्यांदा फिरवला की खालचा रंग ओढला जातो. तुषारांनी मारला तर खालच्या थराला न दुखवता वरचा थर बसतो. म्हणजे गन ही सोय म्हणून आली नाही, रसायनाने तिची सक्ती केली. बग्गीवाल्या रंगाऱ्याचे वीस-वीस वर्षांचे शिक्षण एका हंगामात कवडीमोल झाले. अमेरिकेतील रंगाऱ्यांच्या संघटनेने फवाऱ्याला कडाडून विरोध केला. कामे जातील ही भीती होतीच, पण शिसे असलेली रंगद्रव्ये आणि थिनरची वाफ थेट छातीत जाते ही तक्रारही होती. दुसऱ्या तक्रारीला पोट सांभाळण्याची सबब म्हणून उडवून लावणे मालकांना सोपे गेले. ती खरी होती.

आता थोडे आकडे पाहू, कारण दम म्हणजे काय ते त्यांतच कळते. कंप्रेसर मिनिटाला किती घनफूट मोकळी हवा गनपर्यंत देतो, हे त्याचे खरे माप. एका अश्वशक्तीमागे ढोबळमानाने तीन ते चार घनफूट. विक्रेत्याच्या पत्रकात पुष्कळदा पिस्टनच्या पोकळीवरून काढलेला आकडा असतो. तो फुगलेला असतो, कारण दाबताना काही हवा सिलिंडरमध्येच मागे राहते आणि काही झडपांतून गळते. आता दोन अश्वशक्तीचा, मिनिटाला सात घनफूट देणारा कंप्रेसर आणि दोनशे लिटरची टाकी घ्या. टाकी आठ बारपर्यंत भरली, आणि चार बारखाली गन नीट चालत नाही असे धरले, तर टाकीत वापरण्याजोगी हवा उरते आठशे लिटर. मध्यम गन मिनिटाला बारा घनफूट, म्हणजे सुमारे ३४० लिटर पिते. कंप्रेसर भरतो दोनशेच्या आत. साडेपाच-सहा मिनिटांत टाकी उतरते, आणि अख्ख्या गाडीला एक हात मारायला याहून बराच जास्त वेळ लागतो. दाब पडला की तुषार जाड होतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उठतो. दोष हाताला दिला जातो. मोठी टाकी घेतली म्हणजे सुटलो, ही समजूतही अर्धीच खरी : टाकी वेळ उसना देते, हवा तयार करत नाही. त्यात पाव इंची लांबलचक पाइप असेल तर तबकडीवरचा निम्मा डौल वाटेतच जिरतो. म्हणून जाणते लोक उलट्या टोकापासून हिशेब करतात. आधी गनची भूक पाहायची, मग पाइप, मग यंत्र, आणि यंत्राला मधूनमधून विसावा मिळेल इतकी वाढीव ताकद. टाकी सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे हा हिशेब फार लोकांना करावा लागला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ ची, आणि कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून आधी डॉज-प्लिमथ आणि मग फियाट निघाल्या. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने इथले काम थांबवले. आयात आवळली गेली आणि नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागू लागले. ज्या देशात एक गाडी वीस-पंचवीस वर्षे चालवायची असते, तिथे तिचा रंग कारखान्यात एकदा आणि नाक्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे चार-पाचदा होतो. काळी-पिवळी टॅक्सी तर पासिंग आले की रंगाला जायचीच. पत्रा ठोकायचा, लांबी भरायची, वॉटर पेपरने घासायचे, प्रायमर, आणि मग एनसी रंगाचे हात. भारतीय बनावटीचे कंप्रेसर याच काळात आले. किर्लोस्कर न्यूमॅटिक पुण्यात १९५८ ची, कोइमतूरची एल्गी १९६० ची. मोठे उद्योग मोठी यंत्रे घेत. नाक्यावरच्या उस्तादाच्या वाट्याला पंक्चरवाल्याच्या तोलाचे यंत्र येई. त्यावर त्याने काढलेले काम पाहिले की कौतुक वाटते. बॉनेट एका दमात, मग थांबायचे. दार, मग थांबायचे. टाकी भरेपर्यंतचा विडीचा वेळ कामाच्या तालातच बसवलेला असे. (थिनरच्या वाफेत विडी ओढणे हा वेगळ्याच धाडसाचा भाग.)

या उस्तादाला आणखी एक शत्रू होता, पाऊस. जुलैतल्या मुंबईची ३० अंशांची, ऐंशी टक्के दमट हवा घ्या. तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे चोवीस ग्रॅम पाणी असते. ती आठपट दाबून पुन्हा थंड केली की त्यातले चारेक ग्रॅमच वाफ म्हणून राहू शकते, बाकीचे वीस ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडते. मिनिटाला वीस घनफूट हवा देणारे यंत्र अशा दिवशी तासाला अर्ध्या लिटरहून जास्त पाणी पिळून काढते. ते टाकीच्या तळाशी साचले तर बरे. कंप्रेसरमधून निघणारी हवा कढत असते, त्यामुळे यंत्राला खेटून बसवलेली गाळणी वाफेला अडवू शकत नाही. वाफ पुढे पाइपात निवते आणि गनच्या तोंडातून थेंब होऊन रंगात पडते. म्हणून धातूचा लांब, उतार दिलेला पाइप भिंतीवरून फिरवायचा, फाटा त्याच्या वरच्या अंगाने काढायचा, आणि गाळणी गनच्या बाजूला लावायची. पिस्टनमधले तेल हवेबरोबर आले तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. एक मात्र सांगायला हवे. पावसात एनसी रंगावर येणारी पांढुरकी झाक, जिचे खापर नेहमी कंप्रेसरवर फुटते, ती पुष्कळदा त्याची चूक नसते. थिनर भराभर उडताना पत्रा गार पडतो आणि खोलीतल्याच हवेतले दव रंगावर धरते. त्यावर उपाय सावकाश उडणाऱ्या थिनरचा.

मेटॅलिक रंगांनी ही परीक्षा आणखी कडक केली. त्यातले ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे रंग ओला असताना कसे आडवे पडतात त्यावर छटा ठरते, आणि ते ठरते तुषारांच्या ओलसरपणावर, म्हणजे हवेवर. एकाच डब्यातला रंग, एकच हात, आणि दाराची छटा फेंडरहून वेगळी! गिऱ्हाइकाला वाटते रंग बदलला. बदललेली असते टाकीतली हवा.

मग कायद्याने घाव घातला. जुन्या गनमधून निघालेल्या रंगातला ढोबळमानाने एक तृतीयांश गाडीवर बसतो, बाकीचा धुके होऊन उडतो. लॉस एंजेलिसच्या परिसरातील हवा-नियंत्रण यंत्रणेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस गाड्या रंगवणाऱ्यांवर बंधने आणली, आणि त्यांतून 'एचव्हीएलपी' गन रूढ झाली. तिच्या तोंडाशी दाब दहा पौंडांहून जास्त नसावा, आणि निदान पासष्ट टक्के रंग गाडीवर बसावा, ही कसोटी. नावातच सगळे आले : हवा जास्त, दाब कमी. जुन्या काळी काही व्हॅक्यूम क्लीनरांबरोबर रंग फवारायची बाटली येई, ती याच जातीची. दाब कमी म्हटल्यावर छोटे यंत्र चालेल असे वाटते. झाले उलटे. या गनांना मिनिटाला पंधरा-वीस घनफूट हवा लागू लागली, आणि तीन अश्वशक्तीवर आयुष्य काढलेल्या छोट्या दुकानांना रंग वाचवण्यासाठी आधी यंत्र बदलावे लागले. पुढे कमी हवेवर चालणाऱ्या गन निघाल्या. पण मधल्या वर्षांत ज्यांनी नवी गन जुन्या कंप्रेसरला जोडून "ही गन बेकार आहे" म्हणत फेकून दिली, त्यांची संख्या जगभर मोठी असावी.

एनसीची जागा आता बव्हंशी 'टू-के' रंगांनी घेतली आहे. ओटो बायर यांनी १९३७ मध्ये जर्मनीत शोधलेल्या पॉलियुरेथेनचे हे वंशज : रंग आणि हार्डनर ऐनवेळी मिसळायचे, चकाकी घोटल्यावाचून येते, ऊन-पावसात वर्षानुवर्षे टिकते. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या तुषारांनी दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही धाप लागते. नाकाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. कोळशाची गाळणी असलेला मुखवटा बरा, पण गाळणी निकामी झाल्याचे वासावरून कळेलच असे नाही. खात्रीचा उपाय म्हणजे बाहेरून हवा पुरवलेली टोपी, आणि ती हवाही कंप्रेसरचीच. त्यासाठी ती गनच्या हवेहून अधिक शुद्ध असावी लागते, कारण तापलेल्या यंत्रातले तेल जळले तर कार्बन मोनॉक्साइड थेट माणसाच्या तोंडाशी पोचतो. अशा सैल टोपीला अमेरिकेतील मानकाप्रमाणे मिनिटाला किमान सहा घनफूट हवा द्यावी लागते. नाक्यावरचा दोन अश्वशक्तीचा कंप्रेसर देतो सात. रंगारी नीट श्वास घेऊ लागला, तर गाडीसाठी एक घनफूट उरते.